आजीच्या पेल्यातून पिणारा सम्राट



रोमचा सम्राट म्हटलं की बहुतेकींना दोनच नावं आठवतात. एक ज्युलियस सीझर, जो खरं तर सम्राट कधी झालाच नाही. दुसरा नीरो, शहर जळत असताना गात बसला म्हणून बदनाम झालेला. आज आम्ही ज्याची गोष्ट सांगणार आहोत त्याचं नाव फारसं कानावर पडत नाही, पण त्याने बांधायला घेतलेली इमारत आपण सगळ्यांनी चित्रात पाहिली आहे. कमानींवर कमानी रचलेलं, अर्धं ढासळलेलं ते रोममधलं प्रचंड प्रेक्षागृह, कलोसियम. ते बांधायला सुरुवात केली व्हेस्पेशियन नावाच्या सम्राटाने. इ. स. ६९ ते ७९ अशी जवळजवळ दहा वर्षं त्याने राज्य केलं.

हा माणूस राजघराण्यातला नव्हता. गादीवर आला तेव्हा त्याने साठी गाठली होती, तिजोरी रिकामी होती आणि राजधानीतलं मुख्य देऊळ जळून गेलेलं होतं. दहा वर्षांत त्याने राज्याची घडी बसवली आणि आजारपणाने, म्हातारपणी, आपल्या माणसांत मेला. त्या काळच्या रोममध्ये हेही थोडं नव्हतं.

त्याच्याबद्दल आपल्याला कळतं ते स्वेटोनियस, टॅसिटस, जोसेफस, कॅसियस डिओ अशा लेखकांकडून. सगळे पुरुष, आणि लढाया व दरबार यांत रमलेले. बायकांबद्दल ते एखाददुसरं वाक्य लिहितात आणि पुढे जातात. आम्ही ही वाक्यं वेचून एका ठिकाणी ठेवली, तेव्हा आम्हाला या राजवटीची एक वेगळी बाजू दिसायला लागली. तीच आज तुमच्यापुढे मांडतो.

व्हेस्पेशियनचा जन्म इ. स. ९ मधला, १७ नोव्हेंबरचा. रोमच्या ईशान्येला साबाइन लोकांचा डोंगराळ मुलूख होता. तिथल्या रिआटे गावाजवळ एका लहानशा खेड्यात तो जन्मला. रिआटे खेचरांसाठी प्रसिद्ध होतं. आजोबा सैन्यात होते, पुढे लिलावाचे पैसे वसूल करायचं काम करत. वडील आशिया प्रांतात जकात गोळा करत. जकातवाला म्हटलं की लोक शिव्याच घालणार, पण या माणसाचा कारभार इतका सरळ होता, की तिथल्या गावांनी प्रामाणिक जकातदार म्हणून त्याच्या प्रतिमा उभारल्या होत्या, असं स्वेटोनियस लिहितो. नंतर हे वडील सावकारी करायला आल्प्सकडच्या मुलखात गेले आणि तिकडेच वारले.

लहानगा व्हेस्पेशियन वाढला तो आजीजवळ, वडिलांच्या आईजवळ. तिचं नाव टर्टुला. समुद्रकाठच्या कोसा गावाजवळ तिची शेतीवाडी होती. आजीबद्दल लेखकांनी फार काही लिहिलेलं नाही. एवढंच लिहिलंय की सम्राट झाल्यावरही व्हेस्पेशियन त्या घरी पुन्हा पुन्हा जायचा. घर होतं तसंच ठेवायला सांगितलं होतं, एक वस्तू इकडची तिकडे होऊ दिली नाही. आणि सणावाराला तो प्यायचा ते आजीच्या लहानशा चांदीच्या पेल्यातूनच. साऱ्या जगाचं सोनं ज्याच्या पायाशी येत होतं, त्याला सणाच्या दिवशी आजीचा पेला लागायचा.

आईचा स्वभाव वेगळा. व्हेस्पेशिया पोला ही चांगल्या घराण्यातली, तिचा भाऊ रोमच्या सिनेटचा सभासद होता. मोठा मुलगा सबायनस सिनेटमध्ये शिरण्याच्या मार्गाला लागला. धाकटा मात्र तयार होईना. आईने विनवण्या केल्या नाहीत, टोमणे मारले. मोठ्या भावाच्या पुढे पुढे धावत वाट मोकळी करणारा हुजऱ्या आहेस तू, असं ती त्याला हिणवायची. शेवटी ते त्याच्या मनाला लागलं आणि त्याने सरकारी कामकाजात पाऊल टाकलं.

सुरुवात काही थाटाची नव्हती. सम्राट कॅलिग्युलाच्या काळात त्याच्याकडे रोमचे रस्ते स्वच्छ ठेवण्याचं काम आलं. एक दिवस सम्राटाला रस्त्यात चिखल दिसला. त्याने सैनिकांना हुकूम केला, चिखल उचला आणि या अधिकाऱ्याच्या वस्त्राच्या ओच्यात भरा. भर रस्त्यात तसं केलं गेलं. तो सम्राट झाल्यावर लोक म्हणू लागले की हा शुभशकुनच होता, पायदळी गेलेला देश त्याच्या ओटीत पडणार याची ती खूण होती. पण त्या दिवशी, चिखलाने भरलेला ओचा सावरत घरी जाताना, त्याला असं काही वाटलं असेल असं आम्हाला वाटत नाही.

याच तरुणपणी त्याच्या आयुष्यात केनिस आली. केनिस गुलाम होती, पुढे मुक्त झालेली. तिची मालकीण अँटोनिया म्हणजे सम्राट क्लॉडियसची आई, राजघराण्यातली मोठी वजनदार बाई. केनिस तिची लेखनिक होती. इ. स. ३१ मध्ये सम्राट टायबेरियसचा उजवा हात असलेला सेजानस कट करतोय असं अँटोनियाला कळलं. तिने सम्राटाला गुप्त पत्र लिहायचं ठरवलं आणि ते सांगितलं केनिसला. लिहून झाल्यावर मालकीण म्हणाली, आता हे पुसून टाक. त्यावर केनिसने उत्तर दिलं, की पुसून उपयोग नाही, तुमचं हे आणि बाकीचंही सगळं माझ्या डोक्यात कायमचं राहतं. कॅसियस डिओने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. तो म्हणतो की तिची स्मरणशक्ती आणि तिची निष्ठा दोन्ही विलक्षण होत्या. एका लेखनिक बाईच्या हातून गेलेल्या त्या पत्राने रोममधला सगळ्यात ताकदवान मंत्री संपला.

व्हेस्पेशियन आणि केनिस यांचं एकमेकांवर प्रेम होतं. पण सिनेटच्या सभासदाला मुक्त झालेल्या गुलाम बाईशी लग्न करायला कायद्याने बंदी होती. त्याने लग्न केलं ते फ्लेव्हिया डोमिटिला नावाच्या एका कारकुनाच्या मुलीशी. टायटस आणि डोमिशियन हे दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. बायको आणि मुलगी दोघीही तो सम्राट होण्यापूर्वीच वारल्या. बायको गेल्यावर त्याने केनिसला पुन्हा घरी आणलं आणि सम्राट झाल्यावरही तिला जवळजवळ लग्नाच्या बायकोसारखं वागवलं. जवळजवळ हा शब्द स्वेटोनियसचा आहे. त्या एका शब्दात काय काय येत होतं, ते धाकट्या मुलाच्या वागण्यावरून कळतं. ती प्रवासातून परत आली आणि रीतीप्रमाणे चुंबनासाठी पुढे झाली, तेव्हा डोमिशियनने गाल पुढे न करता हात पुढे केला. ती त्याच्या घरात राहिली, पण तिची जागा त्याने तिला विसरू दिली नाही.

आता थोडं त्याच्या चढत्या-उतरत्या नशिबाबद्दल. इ. स. ४३ मध्ये रोमने ब्रिटनवर स्वारी केली, तेव्हा तो एका पलटणीचा प्रमुख होता. तिथे त्याने नाव कमावलं. पुढे तो आफ्रिका प्रांताचा सुभेदार झाला. सुभेदारी म्हणजे पैसे करायची संधी, असं त्या काळी सगळे धरूनच चालत. हा मात्र गेला तसाच परत आला. तिथे एका दंग्यात लोकांनी त्याला सलगम फेकून मारले होते, एवढीच कमाई. घरी आल्यावर इतकी चणचण, की जमिनी भावाकडे गहाण टाकल्या आणि खेचरांचा धंदा सुरू केला. लोक त्याला खेचरवाला म्हणू लागले.

मग नीरोबरोबर ग्रीसला जाण्याचा योग आला. नीरोला गायची फार हौस. सम्राट गात असताना उठून जायचं नाही आणि झोपायचं तर मुळीच नाही. व्हेस्पेशियनने दोन्ही केलं. सम्राटाची मर्जी गेली आणि जीव मुठीत धरून तो एका आडगावात जाऊन राहिला. पण तेवढ्यात जुडियात, म्हणजे ज्यू लोकांच्या देशात, रोमविरुद्ध बंड उसळलं. ते मोडायला अनुभवी सेनापती हवा होता. आणि तो असा हवा होता, की ज्याच्या हाती मोठी फौज दिली तरी सम्राटाला भीती नको. खेचरवाल्याची कोणाला भीती वाटणार? इ. स. ६७ मध्ये त्याची नेमणूक झाली.

पुढच्याच वर्षी, जून ६८ मध्ये, नीरोने आत्महत्या केली. त्याला वारस नव्हता. गॅल्बा सम्राट झाला, त्याला मारून ओथो आला, ओथो हरला तेव्हा व्हिटेलियस आला. १ जुलै ६९ रोजी इजिप्तमधल्या फौजेने व्हेस्पेशियनला सम्राट म्हणून जाहीर केलं. जुडिया आणि सीरियातल्या फौजा लगेच सामील झाल्या. हे वर्ष रोमच्या इतिहासात चार सम्राटांचं वर्ष म्हणून ओळखलं जातं.

यात त्याचं हिशोबी डोकं दिसतं. तो स्वतः धावत रोमवर चालून गेला नाही. त्याने इजिप्त हातात ठेवलं, कारण रोमच्या भाकरीचा मोठा वाटा इजिप्तच्या गव्हातून यायचा. इटलीतली लढाई त्याच्या बाजूच्या इतर सेनापतींनी लढली. तिची किंमत मात्र भयंकर होती. क्रेमोना हे शहर त्याच्याच बाजूच्या फौजेने लुटून जाळलं. डिसेंबरमध्ये खुद्द रोमच्या रस्त्यांत लढाई झाली. ज्युपिटरचं मुख्य देऊळ जळालं आणि भाऊ सबायनस मारला गेला. व्हिटेलियसही मारला गेला आणि सिनेटने व्हेस्पेशियनला मान्यता दिली. त्याने पाठवलेली गव्हाची जहाजं बंदराला लागली, तेव्हा रोमच्या कोठारांत दहा दिवसांहून जास्त पुरेल इतकं धान्य नव्हतं, असं टॅसिटस लिहितो.

इ. स. ७० मध्ये तो रोमला पोचला. नीरोने राजवाड्यांवर पैसा उधळला होता, उरलेला यादवीत गेला होता. राज्य उभं राहायला ४,००० कोटी सेस्टर्स लागतील, असा आकडा त्याने सांगितला. सेस्टर्स हे रोमचं नाणं. साध्या सैनिकाला त्या काळी वर्षाला ९०० सेस्टर्स मिळत, यावरून या रकमेचा अंदाज करा. मग त्याने रद्द झालेले कर परत आणले, नवे बसवले, काही प्रांतांची पट्टी तर दुप्पट केली.

या नव्या करांतला एक कर जगप्रसिद्ध आहे, लघवीवरचा. हसू नका, त्यामागे मोठा धंदा होता. रोममध्ये साबण वापरात नव्हता. लोकरीचे कपडे धुवायला परीट शिळी लघवी वापरत, कारण तिच्यातल्या अमोनियाने तेलकट मळ निघतो. मोठ्या टाक्यांत कपडे घालून माणसं ते पायांनी तुडवत. कातडी कमावणाऱ्यांनाही लघवी लागायची. तेव्हा तिलाही भाव होता, आणि जिथे भाव तिथे सम्राटाचा हात. मोठा मुलगा टायटस नाराज झाला, असला कर काय बसवता म्हणाला. बापाने पहिल्या वसुलीतलं एक नाणं त्याच्या नाकाशी धरलं आणि वास येतो का, असं विचारलं. टायटस म्हणाला, नाही. बाप म्हणाला, आणि तरी ते लघवीतूनच आलंय. पैशाला वास नसतो, ही युरोपातली म्हण याच गोष्टीवरून आली. फ्रान्समध्ये आणि इटलीत सार्वजनिक मुतारीला कित्येक वर्षं व्हेस्पेशियनचंच नाव होतं.

पैसा कुठे गेला, तेही पाहू. जळालेल्या देवळाचा राडारोडा काढायला सुरुवात झाली, तेव्हा पहिली पाटी त्याने स्वतः उचलली. आगीत नष्ट झालेल्या ३,००० ताम्रपटांच्या नकला शोधून पुन्हा करून घेतल्या. वक्तृत्व शिकवणाऱ्या शिक्षकांना सरकारी तिजोरीतून वर्षाला १ लाख सेस्टर्स पगार सुरू केला. क्विंटिलियन हा प्रसिद्ध शिक्षक तो पगार घेणाऱ्यांत होता. एका कारागिराने जड खांब थोड्या खर्चात वाहून नेण्याची युक्ती काढली. सम्राटाने त्याला बक्षीस दिलं, पण युक्ती वापरली नाही. मला माझ्या गरीब लोकांचं पोट भरू द्या, असं त्याचं म्हणणं होतं. कामगारांची मजुरी बुडू नये, हा विचार. पायांत जोडे तो स्वतःचे स्वतः घालायचा. खुशमस्करे त्याची वंशावळ हर्क्युलिसच्या सोबत्यापर्यंत नेऊन भिडवायला लागले, तेव्हा तो त्यांना हसला. आपण कुठून आलो ते त्याने कधी लपवलं नाही.

नीरोच्या राजवाड्यातलं तळं बुजवून त्या जागी त्याने लोकांसाठी ५०,००० माणसं बसतील असं प्रेक्षागृह बांधायला घेतलं. राजाच्या खासगी बागेची जागा लोकांना दिली, ही गोष्ट रोमकरांना फार आवडली. पण ते बांधलं कशातून? तिथल्या एका दगडावर धातूची अक्षरं बसवण्यासाठी पाडलेली भोकं होती. अक्षरं गेली, भोकं राहिली. १९९५ मध्ये एका अभ्यासकाने त्या भोकांवरून मूळ मजकूर जुळवला. तो सांगतो, की ही इमारत युद्धातल्या लुटीतून उभी राहिली.

ती लूट जेरुसलेमची. बाप रोमला निघाल्यावर जुडियाची मोहीम टायटसने पुरी केली. इ. स. ७० मध्ये वेढा घालून जेरुसलेम घेतलं, ज्यूंचं सर्वांत पवित्र मंदिर जाळलं. त्या युद्धात ९७,००० कैदी झाले असा आकडा जोसेफस देतो. तो स्वतः ज्यू, रोमनांच्या हाती सापडून पुढे त्यांच्याच आश्रयाला राहिलेला. १७ वर्षांवरच्या पुरुषांना इजिप्तमधल्या सक्तमजुरीवर धाडलं, कितीतरी जणांना आखाड्यांत जनावरांपुढे टाकलं, मुलांना विकलं. बायका-मुलांसह विकलेल्या लोकांचं तो लिहितो, की माल फार आणि गिऱ्हाईक थोडं, म्हणून कवडीमोलाने विक्री झाली.

एवढ्यावर हिशोब संपला नाही. पूर्वी प्रौढ ज्यू पुरुष दरवर्षी जेरुसलेमच्या मंदिरासाठी एक ठरावीक रक्कम देत. मंदिर गेलं, पण व्हेस्पेशियनने ती रक्कम सोडली नाही. आता ती रोममधल्या ज्युपिटरच्या देवळासाठी द्यायची, साम्राज्यात कुठेही राहणाऱ्या प्रत्येक ज्यूने, वर्षाला २ द्राख्मा. आणि आता बायकांनी आणि मुलांनीही. इजिप्तमध्ये एडफू इथे खापरांवर लिहिलेल्या या कराच्या पावत्या सापडल्या आहेत. तीन वर्षांच्या मुलापासून वसुली चाले. ज्या बाईने पूर्वी मंदिराचा हा पैसा कधी देणं लागत नव्हती, तिने आता तेच मंदिर जाळणाऱ्यांच्या देवासाठी कर भरायचा. लघवीच्या करावर आपण हसतो, पण या नाण्याला वास नव्हता असं म्हणवत नाही.

आता एक गोष्ट आपल्या मुलखाची. प्लिनी नावाचा विद्वान अधिकारी व्हेस्पेशियनच्या विश्वासातला होता. सम्राट उजाडण्यापूर्वीच कामाला बसायचा आणि प्लिनी त्या वेळी त्याला भेटायला जायचा. या प्लिनीने इ. स. ७७ च्या सुमाराला पुरा केलेल्या निसर्गविषयक ग्रंथात तक्रार केली, की हिंदुस्थान दरसाल आपले निदान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. दुसऱ्या एका ठिकाणी हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून १० कोटी धरतो, आणि वर म्हणतो की आपली चैन आणि आपल्या बायका आपल्याला एवढ्याला पडतात. म्हणजे देशाच्या तिजोरीला भोक कोणामुळे, तर बायकांच्या हौसेमुळे! जेवणातली मिरी पुरुषही खात होते आणि आयातीवरची जकात सरकारलाच मिळत होती, पण बोट दाखवायला बायकांचे मोती बरे.

हा माल जायचा कुठून? त्याच शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने पेरिप्लस नावाची समुद्रप्रवासाची वही लिहिली. तिच्यात पैठणचं आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं नाव आहे. तेरहून साधं कापड आणि तलम मलमल, पैठणहून अकीकाचे दगड, गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात, असं तो लिहितो. सूत कोणी कातलं, ते त्याने लिहिलेलं नाही. मात्र तिकडून भडोचला काय यायचं, त्या यादीत दारू, तांबं, पोवळी, काच यांच्याबरोबर राजासाठी सुंदर मुलीही आहेत. मालाच्या यादीत माल म्हणून.

१९३८ मध्ये पाँपेई शहराच्या राखेतून हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. घडण भारतीय, अंगावर दागिने, दोन्ही बाजूंना लहान सेविका. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीने पाँपेई गाडलं, व्हेस्पेशियन गेला त्याच वर्षी. तेव्हा त्याच्या राजवटीत ती मूर्ती तिथे कुणाच्या तरी घरात होती. तिच्याशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदन इथे सापडल्या आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेलात तर तिथली मूर्ती जरूर पाहा.

पुन्हा रोमला येऊ. केनिसचं काय झालं? डिओ सांगतो, की तिच्याकडे अमाप पैसा जमला. कुणाला सुभेदारी, कुणाला पुरोहितपद, कुणाला माफी, सगळं तिच्यामार्फत विकलं जायचं, आणि लोकांना संशय होता की सम्राट तिच्या आडून स्वतःच पैसे करतो. खरं-खोटं आता ठरवता येणार नाही. पण आमच्या मनात येतं, की बदनामीचं गाठोडं तिच्या डोक्यावर आणि पैसा तिजोरीत, ही सोय त्याला नक्कीच होती. याच सम्राटाने सिनेटकडून असा ठराव करून घेतला, की जी बाई दुसऱ्याच्या गुलामाबरोबर राहील, तिला गुलाम समजावं. ज्याच्या घरात एके काळची गुलाम बाई बायकोच्या मानाने राहत होती, त्याच्याच काळातला हा नियम. आपल्या घरापुरतं मन मोठं आणि कायदा लिहिताना मात्र हात आखडता, हे आपण आजही पाहतो.

शेवटची बाई गॉलमधली, म्हणजे आजच्या फ्रान्समधली. तिचं नाव एपोनिना. तिचा नवरा ज्युलियस सबायनस याने यादवीच्या गोंधळात स्वतःला सीझर म्हणवून घेतलं आणि तो हरला. त्याने आपलं घर पेटवून दिलं, आत आपण मेलो असं भासवलं आणि तो एका भुयारात लपला. तो जिवंत आहे हे कळल्यावर ती लोकांसमोर विधवा म्हणून वावरत राहिली आणि गुपचूप त्याच्याकडे जात राहिली. नऊ वर्षं. त्या अंधारात तिने दोन मुलगे जन्माला घातले. अखेर बिंग फुटलं आणि इ. स. ७९ मध्ये दोघांना रोमला आणलं. तिने मुलांना सम्राटापुढे घातलं आणि म्हटलं, की तुझ्यापुढे दया मागणारे जास्त असावेत म्हणून मी यांना त्या थडग्यात वाढवलं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, सम्राटाच्याही, असं डिओ लिहितो. आणि तरी त्याने शिक्षा माफ केली नाही. नवऱ्याला मारलं, तिलाही मारलं.

शत्रू व्हिटेलियसच्या मुलीचं लग्न याच सम्राटाने चांगल्या घरी, स्वतः हुंडा देऊन लावून दिलं होतं. दया त्याच्यापाशी होती. पण ती राज्याच्या हिशोबात बसली तरच बाहेर यायची. व्हिटेलियसच्या मुलीकडून धोका नव्हता. एपोनिनाकडून तरी काय धोका होता, ते आम्हाला कळत नाही. त्याच काळातला प्लुटार्क लिहितो, की या राजवटीत याहून क्रूर काही घडलं नाही, आणि त्याचा वंश पुढे लवकरच संपला तो याच पापाने. वंश संपला हे खरं. टायटस दोन वर्षांत गेला, डोमिशियनचा इ. स. ९६ मध्ये खून झाला.

एपोनिना गेली त्याच वर्षी, जून महिन्यात, व्हेस्पेशियन आजारी पडला. उन्हाळ्यात राहायला तो आपल्या रिआटेच्या मुलखातच जायचा. दुखणं बळावलं तेव्हाही त्याची थट्टा सुटली नाही. मेल्यावर रोमच्या सम्राटांना देव करत, म्हणून तो म्हणाला, अरेरे, मी देव व्हायला लागलोय वाटतं. शेवटच्या घटकेला सम्राटाने उभ्यानेच मरावं म्हणून उठायला गेला आणि सावरणाऱ्यांच्या हातांतच गेला. अंत्ययात्रेत त्याचा मुखवटा घातलेला नट रिवाजाप्रमाणे त्याची नक्कल करत चालला होता. त्याने कारभाऱ्यांना विचारलं, या सगळ्याला खर्च किती? ते म्हणाले, १ कोटी सेस्टर्स. नट म्हणाला, मला १ लाख द्या आणि खुशाल नदीत फेका. लोकांना आपला राजा कसा होता हे पक्कं ठाऊक होतं.

केनिस त्याच्या आधीच वारली होती. तिचा स्मारकाचा दगड रोममध्ये सापडला आहे. त्यावर सम्राटाचं नाव कुठेही नाही. तो दगड बसवला ॲग्लाऊस नावाच्या माणसाने, आपल्या तीन मुलांसह. तो तिचा गुलाम होता आणि तिने त्याला मुक्त केलं होतं. दगडावर तिचं नाव आहे, ती अँटोनियाने मुक्त केलेली बाई होती हे आहे, आणि ती आमची फार चांगली मालकीण होती, एवढंच लिहिलं आहे.